'घरात इंग्रजीतच बोला' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारा

मंडळी, शाळांचे प्रवेश सुरू झाले की आपल्याकडं एक सल्ला फुकट मिळतो. 'घरात पोराशी इंग्रजीतच बोला, नाहीतर त्याचा गोंधळ होतो.' आपल्या अक्कलकोट तालुक्यात तर कमालच आहे. इथं कितीतरी घरांत आजी कन्नड बोलते, बाहेर बाजार मराठीत चालतो आणि पोरगं दोन्हीकडं झकास निभावून नेतं. त्याच पोराच्या आईबापाला हा सल्ला मिळतो आणि ते बिचारे 'कम बेटा, ईट' सुरू करतात.

खरंच गोंधळ होतो का? एक भाषा चालू केली की दुसरी बंद, असं बटण मेंदूत नसतं. दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. १९९९ साली अमेरिकेत स्पायव्ही आणि मॅरियन या संशोधकांनी रशियन आणि इंग्रजी येणाऱ्यांवर केलेला प्रयोग बघा. समोर वस्तू मांडल्या आणि पोस्टाचं तिकीट हलवायला रशियनमध्ये सांगितलं. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात. तर लोकांची नजर शेजारच्या मार्कर पेनाकडंही जात होती! रशियन ऐकतानाही डोक्यातली इंग्रजी जागीच होती. मेंदू नको तो शब्द मागं सारतो आणि हवा तो पुढं आणतो. आपली पोरं हे रोज करतात. मध्येच दुसऱ्या भाषेतला शब्द आला तर घाबरायचं कारण नाही. एकेका भाषेतले शब्द कमी वाटले, तर दोन्हीतले मिळून मोजा.

२०१३ साली हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही, शास्त्रज्ञांत यावर वाद आहे. म्हणून 'दोन भाषा बोला, आजार टाळा' असं मी म्हणणार नाही. पण दोन भाषांनी पोर मागं पडतं, या भीतीला आधार नाही.

नुकसान दुसरीकडंच होतंय. ज्या आईला इंग्रजीची दहा वाक्यं येतात, ती पोराशी दहाच वाक्यं बोलते. तिच्या स्वतःच्या भाषेत ती रागावली असती, गोष्ट सांगितली असती, 'पाऊस का पडतो'ला उत्तर दिलं असतं. ते सगळं थांबतं. आजी तर घरात असून मुकी होते.

इंग्रजी यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ती शिकवायचं काम शाळेचं आहे, फी त्याचीच घेतात. पुढच्या पालकसभेत उभं राहून एवढंच विचारा, 'आमची भाषा बंद केल्यावर तुमची इंग्रजी कशी सुधारते, ते जरा समजावून सांगा.'

आणि घरी आल्यावर पोराशी आपल्या भाषेत भरपूर बोला.