विश्लेषण : नामांतराचा 'नामविस्तार' कसा झाला? मराठवाडा विद्यापीठाच्या लढ्यातून देशाने काय घेतले?

दरवर्षी १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर हजारो लोक जमतात. शहिदांना अभिवादन होते, सभा होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. विद्यापीठाच्या गेटला असे स्थान देशात क्वचितच मिळाले असेल. एका नावासाठी १६ वर्षे का लागली, त्याचे पडसाद राज्याबाहेर कसे उमटले आणि आज या नावाची कसोटी कशात आहे?

विद्यापीठाची गरज का भासली?

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शेतकऱ्याच्या मराठी मुलासाठी ते भाषेनेही दूर आणि अंतरानेही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांसाठी हे एकच विद्यापीठ होते.

डॉ. आंबेडकरांचा या शहराशी संबंध काय?

विद्यापीठाच्या आधी आठ वर्षे, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. उच्च शिक्षणाची सोय जवळपास नसलेल्या भागात, वसतिगृहासह, गावकुसाबाहेरच्या मुलांना दार उघडणारी ही संस्था होती. नागसेनवनाचा हा परिसर विद्यापीठाला लागूनच आहे. त्यामुळे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, या मागणीचे मूळ मराठवाड्याच्याच मातीत होते.

ठराव झाला, मग अडले कुठे?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. ठरावापाठोपाठ मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, लोकांना गाव सोडावे लागले. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. सरकारने अंमलबजावणी थांबवली.

विरोधाची दोन रूपे होती आणि ती वेगळी करून पाहायला हवीत. 'मराठवाडा' हे नाव निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची खूण आहे, ते पुसू नये, असे म्हणणारा एक वर्ग होता. त्यात गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्या संग्रामातले नेतेही होते. या भूमिकेशी वाद घालता येत होता. पण गावात जे घडले तो प्रादेशिक अस्मितेचा वाद नव्हता. शिकून नोकरीला लागलेला, गायरान कसणारा, गावकीची जुनी कामे नाकारणारा दलित अनेकांच्या डोळ्यांत सलत होता. विद्यापीठाचे नाव हे त्या रागाला मिळालेले निमित्त होते. ज्यांची घरे जळाली, त्यांच्यातल्या अनेकांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नव्हती.

तोडगा कसा निघाला?

१९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. आंदोलने, अटका, तुरुंगवास हे सत्र पुढे वर्षानुवर्षे चालले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागू झाले. जुने नाव काढले नाही, त्याला नवे जोडले. म्हणून शब्द आला 'नामविस्तार'. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्वतंत्रपणे सुरू झाले. आज मूळ विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत.

राज्याबाहेर काय परिणाम झाला?

मराठवाडा अडून असताना देश पुढे गेला. हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाला १९९१ मध्ये, तर मुजफ्फरपूरच्या बिहार विद्यापीठाला १९९२ मध्ये बाबासाहेबांचे नाव मिळाले. आग्रा विद्यापीठाचे नामांतर झाले आणि १९९६ मध्ये लखनौला त्यांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ सुरू झाले. या सगळ्याचे श्रेय एकट्या मराठवाड्याला देता येणार नाही. १९९० चे भारतरत्न, जन्मशताब्दी वर्ष आणि बदललेले राजकारण ही कारणेही होती. मात्र सार्वजनिक विद्यापीठ नेमके कोणाचे, हा प्रश्न रस्त्यावर आणून त्याची किंमत मोजली ती इथल्या माणसांनी.

महाराष्ट्राने तर नामविस्ताराचे सूत्रच उचलले. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले, त्यानंतर जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरी आणि सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकर यांचे नाव जोडले गेले. प्रत्येक ठिकाणी भूभागाचे किंवा शहराचे नाव कायम राहिले. आता हे इतके सरावाचे झाले आहे की या सूत्रासाठी कधीकाळी माणसे मेली, हे लक्षातही येत नाही.

विद्यापीठाची ओळख केवळ नावापुरती आहे का?

तसे मानणे अन्यायाचे ठरेल. दलित साहित्याला व्यासपीठ देणारे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले. त्याचे संपादक गंगाधर पानतावणे विद्यापीठाच्या मराठी विभागात प्राध्यापक होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञानपीठविजेते भालचंद्र नेमाडे यांनीही इथे अध्यापन केले. इथल्या नाट्यशास्त्र विभागाने मराठी रंगभूमीला आणि पडद्याला कलावंत दिले. यात खेड्यातून पहिल्यांदाच मोठ्या शहरात आलेली मुले होती.

आता कसोटी कशात?

नावाचा प्रश्न सुटला, त्यामागचा सुटलेला नाही. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांची अनेक पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आहे. ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारे हे पहिलेच मूल असते, त्यांना याची झळ सर्वाधिक बसते. पैसेवाल्यांची मुले खासगी विद्यापीठात किंवा पुण्यात जातात. जालन्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला हेच विद्यापीठ परवडते. वसतिगृहाची खोली, वेळेवर शिष्यवृत्ती आणि वर्गात शिकवणारा पूर्णवेळ प्राध्यापक, तिच्यासाठी नावाचा अर्थ एवढाच आहे.

प्रवेशद्वारावर अभिवादनाला येणारे नेते दरवर्षी भाषणे करतात. विद्यापीठातील किती रिक्त पदे भरली, याचा हिशेबही त्यांनी १४ जानेवारीलाच द्यावा.