जंघेची जागा

गेल्या आठवड्यात वाळपईच्या काही शाळकरी मुलांसमवेत तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला जाण्याचा योग आला. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, भर रानात, कदंबांच्या अमदानीत काळ्या पाषाणात उभारलेल्या त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर हात ठेवून मी सहज म्हणालो, "ही देवळाची जंघा", आणि मागे एकच हशा पिकला. "सर, जांग म्हणजे मांडी ना?" एकाने धीर करून विचारले.

मुलांवर इतराजी करण्याचे कारण नव्हते. कोकणीत जांग म्हणजे मांडीच. मराठीत ती आणखी वर सरकून जांघ झाली, जिथे अवधाण येते आणि जिचे नाव चारचौघांत जरा दबक्या आवाजातच घेतले जाते. संस्कृताचे दफ्तर उघडले तर मात्र निराळाच दाखला मिळतो: अमरकोशातली जंघा गुडघ्याच्या खाली, घोट्याच्या वर, म्हणजे आपल्या नडगी-पोटरीच्या ठिकाणी आहे; मांडीला तेथे 'ऊरू' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि म्हणूनच भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली त्या प्रसंगावरील भासाच्या नाटकाचे नाव 'ऊरुभंग' आहे. कित्येक व्रतांच्या अंगपूजेतही पाय, जंघा, गुडघे, ऊरू असाच चढता क्रम येतो. भटजी तो बिनचूक म्हणतात, यजमान मात्र दुसऱ्याच अवयवाचे ध्यान करीत फुले वाहतो.

शिल्पशास्त्राने शब्द उचलला तो या जुन्या क्रमासकट. देऊळ हा देह मानला, तेव्हा तळाच्या थरांत खुर आला, जोत्यावर उभी राहणारी भिंत जंघा झाली, शिखर जेथे आवळत संपते तेथे स्कंध आणि त्यावर ग्रीवा आली. अंबरनाथच्या शके 982 मधील शिवालयाची जंघा मूर्तींनी इतकी भरली आहे की नजर ठरत नाही; सुर्ल्याची त्या मानाने संन्यस्त, आणि मला तीच अधिक आवडते (हा पक्षपात वाचकांनी शेजारधर्माच्या खाती टाकावा).

हल्ली या शब्दाऐवजी 'बाह्यभिंत' लिहावे अशी तजवीज काही मंडळी सुचवितात. माझी तिला हरकत आहे. भिंत गोठ्यालाही असते. जंघा म्हटले की तिच्या खाली पाऊल आहे आणि वर अद्याप सारे अंग उरले आहे, हे एका शब्दात कळते. 'मांडी' असे भाषांतर करणारा तर देवळाला बसवूनच टाकतो.

एवढे सारे मी तेथे सांगितले. मुलांनी ते शिरच्छिन्न नंदीभोवती फिरत अर्धवट ऐकले. परतताना तोच प्रश्नकर्ता धावत सुटला, जोत्याच्या दगडावर त्याची नडगी सणकून आपटली, आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरीत, डोळ्यांत पाणी असतानाही तो म्हणाला, "सर, जंघा!"

– वाळपईकर