टुल्लू पंप आणि दहा सेकंदांची टेस्ट

"व्हर्च्युअल डिस्कची रीड-राइट लिमिट टेस्ट केली, पास आहे." हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलंय, त्यातल्या बहुतेकांनी एवढंच केलेलं असतं : मशीनमध्ये लॉगिन, एक डीडी कमांड, दहा सेकंद थांबणं, स्क्रीनशॉट आणि एक्सेलच्या रकान्यात हिरवा रंग. माझं सरळ म्हणणं आहे की याला टेस्ट म्हणू नका. ही मस्टरवरची सही झाली.

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका दणकट सर्व्हरवर दहा-वीस व्हर्च्युअल मशीन्स चालतात. प्रत्येकीला वाटतं आपल्याला स्वतःची डिस्क आहे. ती 'डिस्क' बरेचदा खालच्या सर्व्हरवरची एक मोठी फाइल असते, तिलाच इमेज म्हणायचं. खरी डिस्क सगळ्यांची मिळून एकच. म्हणून प्रत्येकीला लिमिट लावतात : सेकंदाला इतके एमबी, किंवा सेकंदाला इतक्या वेळा वाचा-लिहा (याला आयओपीएस म्हणतात). नागपूरकराला हे वेगळं समजवायची गरज नाही. मे महिन्यात एकाने नळाच्या लाइनला टुल्लू पंप लावला की पुढच्या चार घरांत तोटीतून नुसती हवा येते. लिमिट म्हणजे टुल्लूबंदी. आणि बंदी खरंच लागू आहे का हे पाहायचं तर पंप लावून बघावं लागतं ना भाऊ, नोटीस वाचून कसं कळणार?

आता त्या डीडीचं बघा. मशीनला रॅम ४ जीबी, डिस्कची लिमिट सेकंदाला २० एमबी, आणि तुम्ही लिहिताय ५१२ एमबीची शून्यं. डायरेक्टचा पर्याय दिला नसेल तर ती शून्यं आधी रॅममध्ये जाऊन बसतात आणि डीडी खुशाल दीड-दोन जीबीचा वेग दाखवतो. डिस्कपर्यंत अजून काही पोचलेलंच नाही! प्रामाणिकपणे लिहिलं तर याच कामाला पंचवीस सेकंद लागायला हवेत. वाचण्याचंही तेच. नुकतीच लिहिलेली फाइल पुन्हा वाचली तर ती रॅममधूनच येते. आणि नवी कोरी क्यूकाऊ२ इमेज असेल तर तिच्या न लिहिलेल्या भागातून वाचताना क्यूएमयू सरळ शून्यं देऊन मोकळा होतो, खालच्या डिस्कला हातही लागत नाही. म्हणजे 'लिमिट नसताना वेग किती' हा तुलनेचा आकडाच खोटा.

सर्वात मोठी फसवणूक मात्र वेळेची. लिमिट लावणारे बहुतेक लोक थोडी 'उसळी' देतात, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाची मुभा. गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर नळ जोरात येणारच, कॉर्पोरेशनचं पाणी किती येतं ते टाकी रिकामी झाल्यावर कळतं. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी२ डिस्कचा हिशोब करून बघा. ३० जीबीच्या डिस्कला हक्काचे आयओपीएस १००, उसळीत ३०००, आणि सुरुवातीला खात्यावर ५४ लाख क्रेडिट्स. ३००० ने खर्च, १०० ने जमा, म्हणजे टाकी रिकामी व्हायला साधारण ३१ मिनिटं. दहा सेकंदांची सोडा, तुम्ही वीस मिनिटांची टेस्ट केलीत तरी उत्तर ३० पट चुकलं. डिसेंबर २०२० मध्ये जीपी३ आलं, त्यात पहिल्यापासून ३००० हक्काचे मिळतात. पण तेव्हा बनवलेल्या जीपी२ डिस्क कुणी मुद्दाम बदलल्या नसतील तर त्या आजही तशाच आहेत. स्वतःच्या क्यूएमयूवर उसळी तुम्हीच ठरवता, किती आणि किती सेकंद तेही. मग टेस्ट त्याहून लांब नको का?

"एवढं कोण करतं बे? डेडलाइन असते." हे मला नेहमी ऐकावं लागतं. ठीक आहे. विदर्भातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर एका होस्टिंगवाल्याकडे होतं. ३१ मार्चची रात्र, वर्षअखेरचं क्लोजिंग, आणि त्याच सर्व्हरवर शेजारच्या मशीनचा बॅकअप सुरू झाला. क्लोजिंग सकाळपर्यंत लटकलं. डिस्कने एरर वगैरे काही दिली नाही, ती नुसती रांग लावते. कॅशियर बाई रात्रभर ऑफिसात बसून. होस्टिंगवाल्याच्या रिपोर्टमध्ये त्या शेजाऱ्याची 'रीड पास, राइट पास'. खोदून विचारल्यावर कळलं की टेस्ट फक्त रीडची झाली होती, राइटचा आकडा शेजारच्या रकान्यातून कॉपी-पेस्ट! आणि राइटला लिमिट लागतच नव्हती. लिमिट लावली होती सीग्रूपच्या पहिल्या आवृत्तीतून, डिस्कचा कॅश राइटबॅकवर. तिथे डेटा आधी होस्टच्या रॅममध्ये जातो, मग कर्नल सवडीने तो डिस्कवर टाकतो, आणि तोवर हे कुणाचं सामान ते त्या जुन्या सीग्रूपला कळत नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलंय. पण आधी आपण कुठल्या आवृत्तीवर आहोत हे बघायला नको का?

फिओ फुकट आहे. लिनक्सचा ब्लॉक लेयर सांभाळणाऱ्या येन्स ॲक्सबो यांनीच ते लिहिलंय. डायरेक्ट चालू करा, फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या, आधी ती पूर्ण लिहून भरा. मग नुसतं रीड, नुसतं राइट, दोन्ही एकत्र. ४ केबीच्या ब्लॉकने एकदा आणि १ एमबीच्या ब्लॉकने एकदा, कारण १०० आयओपीएस म्हणजे पहिल्यात सेकंदाला ४०० केबी आणि दुसऱ्यात १०० एमबीपर्यंत काहीही. उसळी संपून पुढे अर्धा तास चालू द्या. नुसती सरासरी लिहू नका, शंभरातली सर्वात मंद रिक्वेस्ट किती वेळ अडकली तेही लिहा, डेटाबेस तिथेच मरतो. आणि हे सगळं चालू असताना शेजारच्या मशीनमध्ये बसून तिचा वेग मोजा, लिमिट तिच्यासाठीच तर आहे.

स्क्रिप्ट एकदा लिहायची, संध्याकाळी लावून घरी जायचं. यात डेडलाइन कुठे आडवी येते ते मला कुणीतरी सांगा. डीडीचा स्क्रीनशॉट मात्र कृपया पाठवू नका. :)