सहा ऋतू, एक उद्यान आणि आपली द्रव्यओळख

ऋतुचर्येचा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे आणि रुग्णांना तिचा उपदेशही आपण नित्य करतो. परंतु ऋतू प्रत्यक्ष पाहण्यासाठी आपण स्वतः वर्षातून किती वेळा बाहेर पडतो? मला हा प्रश्न माझ्या मुलीमुळे पडला.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहकुटुंब गेलो होतो. पांढऱ्या फुलांनी बहरलेले एक झाड दाखवून मुलीने त्याचे नाव विचारले. ‘हा कुडा, आपला कुटज,’ असे मी मोठ्या विश्वासाने सांगितले. सोबत असलेले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त अध्यापक हसून म्हणाले, ‘वैद्यराज, हा काळा कुडा. तुमचा कुटज तो पलीकडचा.’ काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखा तुरा असतो, कुटजाच्या फुलात तो नसतो. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, कुटजाच्या सुट्या असतात. एकाचे बी गोड, तर दुसऱ्याचे कडू. हे सारे त्यांनी दोन मिनिटांत दाखविले. घरी परतताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, मग आपल्याकडे येणारी साल कोणत्या झाडाची, हे तुम्हाला कसं कळतं?’

प्रवाहिकेच्या रुग्णांना वीस वर्षे कुटज देणाऱ्या माझ्याजवळ ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याची आणि अशोकाच्या सालीत आसुपालवाची भेसळ होते, हे आपण सारेच जाणतो. तरीही आपली द्रव्यओळख पोत्यावरील चिठ्ठीपाशी थांबते. प्रयोगशाळा आहेत, मग झाडे पाहण्याची आवश्यकता काय, असे काही व्यवसायबंधू म्हणतील. झाड पाहिल्याने वाळलेली साल ओळखता येते असे नाही, हेही मान्य. परंतु प्रयोगशाळा पाठविलेल्या नमुन्याचीच परीक्षा करते. नमुना पाठवावा अशी शंका मात्र आपल्याच मनात यावी लागते. ज्याने वृक्ष बारा महिने पाहिला आहे, तो माल कोठून आला व कोणत्या ऋतूत काढला, हे विचारल्यावाचून राहत नाही. चरकाचार्यांनी गुराखी व वनवासी यांना औषधी नावारूपाने ठाऊक असतात असे म्हटले आहे. त्यांच्या पंक्तीस बसण्याइतकी ओळख तरी आपणांस असावी.

त्या दिवसापासून प्रत्येक ऋतूत एकदा तरी उद्यानात जाण्याचा नेम आम्ही ठेवला. महानगराच्या कुशीतील शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे हे वन दर खेपेस वेगळे दिसते. वसंतात पळस व पांगारा पेटतात, कुसुमाला तांबडी पालवी येते. ग्रीष्मात आरग्वध पिवळ्या घोसांनी लवतो. शरदाच्या सुमारास कळलावी दिसते. ती सुंदर असली तरी विषारी आहे, हे मुलांना तेथेच सांगता येते. हेमंतात पीळदार मुरुडशेंग पाहून मुलांना तिचे नाव पुन्हा सांगावे लागत नाही. शिशिरात पाने गळाली की कांडोळाचे पांढरे खोड दुरूनही ओळखू येते. कारवी २०१६ साली फुलली, त्यानंतर २०२४ साली. पहिल्या बहराला बोट धरून चालणारी मुलगी दुसऱ्या बहराला आमच्या पुढे चालत होती.

वर्षाऋतूचे तर आपल्याशी विशेष नाते आहे. पहिल्या पावसानंतर पांढरी मुसळी जमिनीतून वर येते व फुलते. सोललेली, वाळलेली मुळे आपण रोज हाताळतो. परंतु क्लोरोफायटम बोरिविलियानम ह्या तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? १९५५ साली सांतापाव व फर्नांडिस यांनी ह्या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला ह्या गावाचे नाव मिळाले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. संरक्षित वनातील पानही तोडू नये. तो कायद्याने अपराध आहेच, शिवाय औषधींच्या ऱ्हासाबद्दल परिसंवादात खेद करणाऱ्यांनी मुळी उपटणे शोभणारे नाही. आपण पाहावे, टिपण करावे, छायाचित्र घ्यावे व परतावे.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून सहा, म्हणजे ऋतूगणिक एक वनफेरी योजावी, अशी माझी नम्र सूचना आहे. फेरीस वैद्य व औषधविक्रेत्यांनी सहकुटुंब यावे; दुकानात पुड्या बांधणाऱ्या सहाय्यकांसही आणावे, कारण माल प्रथम त्यांच्याच हाती येतो. स्थानिक वनस्पतितज्ज्ञांस मार्गदर्शनार्थ बोलवावे. बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते, तेव्हा रविवारची सकाळ सोयीची. जेथे असे उद्यान नाही, तेथे गावची देवराई किंवा टेकडीही पुरेशी आहे.

मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही माझ्याजवळ नाही. मात्र आता सालीचे पोते उघडताना तो प्रश्न मला आठवतो, आणि शंका आली की नमुना तपासणीस गेल्याशिवाय ते पोते वापरात येत नाही.