‘तयार नाही’ हे सांगावयाचे कोणी?

भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची जी रांग लागली आहे, तिचा पुणेकरांस अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. परंतु त्या कारखान्यांत एखादा नवा भाग जन्मास कसा येतो, याची चौकशी आपण क्वचितच करतो. मोटार एका कंपनीच्या नावाने विकली जाते. तिचे बहुतेक भाग मात्र पुरवठादार घडवितात, आणि ब्रेकवर पाय ठेवताना आपला जीव त्यांच्याच हवाली असतो.

या कामास शास्त्र नाही असे नव्हे. क्रायस्लर, फोर्ड व जनरल मोटर्स या तीन अमेरिकन कंपन्यांनी १९९४ साली ‘एपीक्यूपी’ ही नियोजनाची पद्धत ग्रंथित केली, आणि आज ती आपल्या कारखान्यांतही रूढ आहे. आधी आराखडा, मग उत्पादनाची प्रक्रिया, मग पडताळणी, असा तिचा क्रम आहे. ‘पीपॅप’ ही पसंतीची परीक्षा. तीत १८ बाबी पाहिल्या जातात आणि तपासणीचे नग प्रत्यक्ष उत्पादनाच्याच साच्यावर, सामान्यतः निदान ३०० नग सलग काढून, त्यांतून घ्यावे लागतात. या अटीत मोठे शहाणपण आहे. कुशल कारागीर कानशीने घासून पाच नग हवे तसे देईल. तिसऱ्या पाळीत यंत्र काय देईल, हे त्यावरून कळत नाही.

मग अडते कोठे? तारखेपाशी. गाडी बाजारात आणण्याचा दिवस आधी ठरतो, आणि नंतर ड्रॉइंग बदलले तरी तो दिवस बदलत नाही. साचा करणाऱ्याचे आठवडे कापले जातात, चाचणीचे दिवस कापले जातात, आणि क्रमाने व्हावयाची कागदपत्रे शेवटच्या रात्री एकदम भरली जातात. प्रयोग न करताच निकाल लिहिलेल्या वह्या वर्गावर असताना आम्ही पुष्कळ तपासल्या आहेत. त्या नेहमी फार स्वच्छ असत!

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेत दिसले. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतील किल्लीचा स्विच फार हलका फिरे. किल्ली आपोआप सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. डेल्फी या पुरवठादाराने केलेला तो स्विच ठरलेल्या मापास उतरत नसतानाही जनरल मोटर्सने २००२ मध्ये त्यास मान्यता दिली. २००६ मध्ये तो सुधारला, पण भागाचा क्रमांक तोच राहिला; त्यामुळे दोष शोधणारे वर्षानुवर्षे चकले. गाड्या परत बोलावण्यास २०१४ साल उजाडले. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. ज्या कंपन्यांनी ही नियमावली रचली, त्यांतीलच ही एक, हे विसरता कामा नये.

नियम होते, थांबण्याचे धैर्य नव्हते. ते एकट्या पुरवठादाराकडून मागणे अन्यायाचे होईल. आठ-दहा यंत्रांच्या शेडमध्ये, बहुधा कर्जाच्या हप्त्यावर, काम करणारा उपपुरवठादार ‘साहेब, नग तयार नाही’ असे म्हणेल, तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाईल, हे तो जाणतो.

म्हणून हा भार मोठ्या कारखानदारांनी उचलला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ड्रॉइंग कागदावर असतानाच पुरवठादारास चर्चेस बसवावे. साचा कापल्यावर बदल केल्यास त्याचा खर्च व जादा दिवस बदल करणाऱ्याने द्यावेत. आणि पुरवठादाराने ‘तयार नाही’ असे लेखी कळविले, तर त्यास मोठ्या कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने उत्तर द्यावे; दूरध्वनीवरील दटावणी हे उत्तर नव्हे. मराठा चेंबरने दोन्ही पक्षांस एकत्र बसवून असा करार घडवून आणावा, आणि त्याचा आरंभ ब्रेक व सुकाणू यांच्या भागांपासून करावा.