चाचणीयाने विद्यापीठांना द्या, पण डागडुजी न करता



अंतराळवीरांच्या सुरक्षिततेसाठी 'इस्रो'ने जी याने केवळ चाचणीकरिता बांधली, त्यांचे काम संपल्यावर ती विद्यापीठांना द्यावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये एलव्हीएम-३ रॉकेटच्या प्रायोगिक उड्डाणातली, अंतराळवीरांसाठीच्या यानाची पावणेचार टनांची कुपी सुमारे १२६ किलोमीटर उंचीवरून परतली आणि अंदमानजवळ समुद्रात उतरली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'गगनयान' या मानवी अंतराळमोहिमेच्या टीव्ही-डी१ चाचणीत कुपी रॉकेटपासून सुखरूप सुटली, पण समुद्रात उलटी तरंगली. चाचणी यशस्वी झाली आणि एक त्रुटीही कळली. गुरुत्वमध्य, उत्प्लावकता, लाटांचा मारा हे फळ्यावरचे विषय त्या एका कुपीत एकत्र आले आहेत. २०१४च्या कुपीचे, वातावरणात शिरताना होरपळलेले उष्णतारोधक आवरण हाताळायला मिळाले, तर विद्यार्थ्याला आपल्या समीकरणांचा अर्थ उमगेल. रंगवलेली प्रतिकृती किंवा डागडुजी केलेले यान हे शिकवू शकत नाही.

आपले विद्यार्थी याला पात्र आहेत. पुण्याच्या 'सीओईपी' या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हे विद्यार्थ्यांनी घडवलेले उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटने अवकाशात नेले.

गोपनीयतेचा आक्षेप रास्त आहे. संवेदनशील उपकरणे काढून घ्यावीत. सांगाडा, आवरण, पॅराशूटच्या जोडण्या एवढे उरले तरी वर्षानुवर्षे पुरेल इतका अभ्यास त्यात आहे. संग्रहालयांचाही हक्क आहे, पण तिथे यान काचेपलीकडे राहते. विद्यापीठात ते मोजता येईल, त्यावर प्रकल्प करता येतील.

मात्र यान विनाअट वाटू नये. चौकाचौकांत उभी केलेली निवृत्त लढाऊ विमाने ऊनपावसात गंजतात आणि छायाचित्रांपुरती उरतात. म्हणून बंदिस्त शेड, देखभालीची कायम तरतूद आणि जबाबदार प्राध्यापक असलेल्या विद्यापीठालाच यान मिळावे. सोबत चाचणीचा अहवाल द्यावा, त्यात काय चुकले तेही असावे. आठवड्यातून एक दिवस ते जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी खुले ठेवणे बंधनकारक करावे.

ही याने जनतेच्या पैशांतून उभी राहिली आहेत. अंतराळ विभागाने त्यांच्या वाटपाचे धोरण जाहीर करावे आणि आपल्या राज्य विद्यापीठांनी आजच जागा व निधी राखून मागणी नोंदवावी.

— एक निवृत्त प्राध्यापक, पुणे