दिवसाची झोप म्हणजे आळस नव्हे

आपल्या भागातील अनेक मुले-मुली पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी करतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. अमेरिकेचा दिवस सांभाळताना यांची रात्र जाते.

अंधार पडला की मेंदूत मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते व झोप येते. प्रखर दिव्यांखाली ते दबते. दिवसाची झोपही तुटक होते. त्यातून स्थूलता, मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरले. २०१९ मध्येही ते मत कायम ठेवले.

कंपन्यांनी वारंवार पाळ्या बदलू नयेत, हे खरेच. पण घरच्यांचीही जबाबदारी आहे. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला ‘दुपारपर्यंत लोळतोस’ म्हणून टोचू नये. मुलीला तर झोपमोड करून स्वयंपाकाला उठवू नये. खोलीत अंधार व शांतता ठेवावी. पहाटे चहा-कॉफी टाळावी. थकवा किंवा निद्रानाश महिनाभर टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे आणि रात्रपाळी असल्याचे आवर्जून सांगावे.